अभयारण्यातील गड आणि घाटवाटांसाठी वनविभागाची परवानगी: अर्ज कोणाकडे करावा, कागदपत्रे कोणती लागतात आणि अर्ज परत का येतात

सह्याद्रीतील बहुतेक किल्ल्यांवर जाण्यासाठी कोणतीही लेखी परवानगी लागत नाही. या सवयीमुळेच जिथे ती लागते तिथे लोक अडकतात. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाचा माथा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, माहुली तानसा अभयारण्यात, तर कर्नाळा त्याच नावाच्या पक्षी अभयारण्यात. भीमाशंकरला कोकणातून चढणाऱ्या वाटाही वर पोहोचेपर्यंत अभयारण्यात शिरलेल्या असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही आणि कलम 28 नुसार पर्यटन, छायाचित्रण, संशोधन अशा कारणांसाठी तो परवाना मिळू शकतो. या कायद्याचा भंग झाल्यास कलम 51 खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 2022 च्या दुरुस्तीने दंडाची ही मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाखावर नेली.

सार्वजनिक रस्त्याने अभयारण्यातून जाणाऱ्याला परवाना लागत नाही, हा कलम 27 मधील अपवाद बरेच जण वनविभागाच्या तपासणी नाक्यावर पुढे करतात. तो डांबरी रस्त्याने पलीकडच्या गावी जाणाऱ्या प्रवाशासाठी आहे. रस्ता सोडून पायवाटेने माथ्याकडे वळलेल्या माणसाला तो लागू होत नाही, त्यामुळे वनरक्षकाशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न असा की आगाऊ अर्ज करायचा की नाक्यावर पावती फाडायची. ओळखीतल्या चार-सहा जणांचा गट नेहमीच्या वाटेने सकाळी चढून संध्याकाळी उतरणार असेल, तर बहुतेक ठिकाणी नाक्यावर नावनोंदणी करून आणि शुल्क भरून मिळालेली पावती हीच परवानगी असते. हे शुल्क कधी वनविभागाचे असते, कधी गावच्या वनव्यवस्थापन समितीचे उपद्रव शुल्क असते, तर काही ठिकाणी दोन्ही द्यावी लागतात. मोठा गट, शाळा-महाविद्यालयाची सहल, व्यावसायिक आयोजन, चित्रीकरण, अभ्यासदौरा किंवा नेहमीच्या वापरात नसलेली घाटवाट असेल, तर मात्र आधी लेखी अर्ज करावा लागतो. परत येणारे अर्ज प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारातले असतात.

चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज

कागदपत्रे अपुरी असल्यामुळे जितके अर्ज अडतात, त्याहून अधिक अर्ज चुकीच्या दारात गेल्यामुळे अडतात. वनविभागाच्या प्रादेशिक आणि वन्यजीव अशा दोन वेगळ्या शाखा आहेत. काही जंगल वनविकास महामंडळाकडेही असते. सामान्य माणसाला खाकी गणवेश एकच दिसतो, त्यामुळे तो जिल्ह्याच्या ठिकाणी जे वन कार्यालय आढळेल तिथे अर्ज देऊन निश्चिंत होतो. वासोट्यासाठी साताऱ्याच्या प्रादेशिक उपवनसंरक्षकांच्या नावे अर्ज लिहिला, तर तो व्याघ्र प्रकल्पाकडे जायला हवा होता हे अर्जदाराला फार उशिरा कळते. वासोट्याची वाट बामणोलीच्या वनपरिक्षेत्रातून, म्हणजे तिथल्या स्थानिक वन कार्यालयाच्या हद्दीतून जाते आणि तिथले कामकाज व्याघ्र प्रकल्पाच्या अखत्यारीत चालते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य अहिल्यानगर जिल्ह्यात असले, तरी त्याचा कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे आहे आणि भंडारदरा व राजूर ही त्याची वनपरिक्षेत्रे आहेत. भीमाशंकर अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले असून ते पुण्याच्या वन्यजीव विभागाकडे आहे.

चुकीच्या शाखेत दिलेला अर्ज योग्य शाखेकडे आपोआप जाईल, ही अपेक्षा रास्त आहे आणि नियमाने तसे व्हायलाही हवे. प्रत्यक्षात तो टेबलावरच्या गठ्ठ्यात पडून राहतो आणि आपल्या ठरलेल्या तारखेनंतर 'आपला अर्ज या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येत नाही' असे एका ओळीचे पत्र येते. ते एक वाक्य अर्ज स्वीकारतानाच खिडकीवर सांगता आले असते. ते सांगितले जात नाही, म्हणून अर्जदारानेच आधी पायथ्याच्या गावातील वाटाड्याला किंवा नाक्यावरच्या वनरक्षकाला विचारून वनपरिक्षेत्राचे नाव पक्के करावे आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत ते लिहावे.

घाटवाटांच्या बाबतीत हा गुंता दुप्पट होतो, कारण वाटेचा पायथा एका जिल्ह्यात आणि माथा दुसऱ्या जिल्ह्यात असतो. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून चढल्यास सगळी वाट अकोले तालुक्यात राहते. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चढल्यास सुरुवात पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात होते, तर बेलपाड्यातून नळीच्या वाटेने चढल्यास ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात. सांदण दरीत साम्रदहून उतरणारा गट तळाशी पोहोचून पुढे डेहण्याकडे निघाला की तो ठाणे जिल्ह्यात असतो. अशा वेळी अर्जात केवळ 'हरिश्चंद्रगड' किंवा 'सांदण' असे लिहिणे पुरेसे नाही. चढण्याचे गाव, उतरण्याचे गाव, दोन्हींचे तालुके आणि मधले टप्पे क्रमाने लिहावेत आणि दोन वेगळ्या वन कार्यालयांची हद्द लागत असल्यास दोघांनाही स्वतंत्र अर्ज द्यावा. एकाची प्रत दुसऱ्याला 'माहितीस्तव' पाठवली म्हणजे दोघांची परवानगी मिळाली, असे होत नाही. वासोट्याहून नागेश्वरमार्गे चोरवण्याला कोकणात उतरण्याचा बेत असणाऱ्यांनी तर याची विशेष खबरदारी घ्यावी, कारण बामणोलीकडून जाऊन-येऊन वासोटा पाहण्याची पावती व्याघ्र प्रकल्प ओलांडून पलीकडे उतरण्याची मुभा देत नाही.

आवक क्रमांक म्हणजे परवानगी नव्हे

अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मिळाला की काम झाले, असे समजून गट निघतात आणि नाक्यावर तीच प्रत दाखवतात. त्या शिक्क्याचा अर्थ कार्यालयाला कागद मिळाला एवढाच आहे. परवानगी जावक क्रमांकाच्या स्वतंत्र पत्राने येते. त्यावर अधिकाऱ्याची सही, प्रवेशाची तारीख, व्यक्तींची संख्या आणि अटी असतात. पहाटे चारला बस करून आलेल्या तीस मुलांना आवक शिक्क्याची प्रत हातात घेऊन नाक्यावरून परतावे लागलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हा वनरक्षकाचे चूक होते असे म्हणता येत नव्हते. आवक क्रमांक मिळाल्यावर तीन-चार दिवसांनी दूरध्वनी करून किंवा स्वतः जाऊन पत्र निघाले का, ते विचारावे. सुट्ट्या लागून आल्या असतील, तर त्या धरूनच अर्जाची तारीख ठरवावी. अधिकारी दौऱ्यावर असल्यामुळे सही राहिली, ही तक्रार खरी असली तरी ती नाक्यावर करून कोणाचाही उपयोग होत नाही.

कागदपत्रे

नेहमीच्या कागदांबद्दल फार लिहायला नको. सहभागींची यादी नाव, वय, पत्ता, भ्रमणध्वनी आणि संकटसमयी संपर्काच्या क्रमांकासह असावी, आधार किंवा अन्य ओळखपत्राच्या प्रती जोडाव्यात, वाहनांचे क्रमांक लिहावेत, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे स्वाक्षरी केलेले संमतिपत्र द्यावे आणि शाळेची सहल असल्यास शिक्षण विभागाच्या परवानगीची प्रत जोडावी. यादीतील नावे ऐनवेळी बदलतात, हे सगळेच जाणतात. म्हणून दोन-तीन राखीव नावे यादीतच घालून द्यावीत. मंजूर संख्येपेक्षा एक जरी माणूस जास्त आला, तरी नाक्यावर सगळा गट थांबवला जाऊ शकतो.

बहुतेकांकडे नसलेला कागद म्हणजे आयोजक संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र. मित्रांनी व्हॉट्सअॅपवर जमवलेल्या गटाची नोंदणी कुठेच नसते, आणि अर्जावर 'अमुक ट्रेकर्स' असे नाव व बोधचिन्ह छापले की कार्यालय त्या नावाची नोंदणी मागते. आपण संस्था नसाल, तर संस्थेचे नाव छापूच नये. एका जबाबदार व्यक्तीच्या नावाने अर्ज करावा आणि सगळे जण वैयक्तिक खर्चाने जात असून कोणाकडूनही सहभाग शुल्क घेतलेले नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे. हे लिहिताना ते खरे असले पाहिजे. प्रतिव्यक्ती ठरावीक रक्कम घेऊन, जाहिरात करून आठवड्याच्या शेवटी माणसे नेणारा गट हा आयोजकच असतो. राज्याच्या पर्यटन विभागाने 24 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित नेते, प्रथमोपचाराची तयारी, विमा आणि सुरक्षेची साधने ही त्यातून येणारी जबाबदारी आहे. अनेक आयोजकांकडे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असते, पण त्याची मुदत उलटून गेलेली असते. अर्जापूर्वी ती तारीख तपासावी. नोंदणी असली, तरी ती वनविभागाच्या परवानगीची जागा घेत नाही. ही दोन खाती वेगळी आहेत आणि एकाचा कागद दुसऱ्याला पुरत नाही.

नियम पाळू, असे लिहून देण्याच्या हमीपत्राबद्दलही विनाकारण खर्च होतो. ते मुद्रांकावरच लागते, असे कोणीतरी सांगते. राज्यात ऑक्टोबर 2024 पासून शंभर रुपयांच्या मुद्रांकाची अनेक कामे पाचशेवर गेली आहेत. विद्यार्थ्यांच्या गटाने प्रत्येकी एक मुद्रांक घेतला, तर सहलीच्या बसभाड्याइतका खर्च त्यातच जातो. कार्यालयाने मुद्रांक लेखी मागितला नसेल, तर साध्या कागदावर प्रत्येकाच्या स्वाक्षरीचे हमीपत्र आधी द्यावे आणि ते चालत नसल्यास कोणत्या परिपत्रकानुसार चालत नाही, ते नम्रपणे विचारावे.

मुक्काम, रात्र आणि आग

अर्जात 'माथ्यावर तंबूत मुक्काम' एवढे तीन शब्द आले, की बाकी सगळे बिनचूक असूनही अर्ज नामंजूर होतो. अभयारण्यातील माथ्यावरचा मुक्काम वनविभाग सहसा मान्य करत नाही आणि वासोट्यावर तर त्याच दिवशी परतावेच लागते. मुक्काम पायथ्याच्या गावात, घरी किंवा गावठाणात ठरवावा आणि यजमानाचे नाव व गाव अर्जात लिहावे. गावातल्या घरांनाही त्यातून चार पैसे मिळतात. मे-जूनमध्ये भंडारदरा परिसरात काजव्यांसाठी जी गर्दी होते, तिच्यासाठी नाक्यावर मिळणारी प्रवेशाची पावती रात्री कळसूबाई चढण्याची परवानगी नसते. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने चूल किंवा कोणतीही आग पेटवणे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 30 नुसार निषिद्ध आहे, आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून या वणव्याच्या हंगामात वनकर्मचारी त्याबाबत अजिबात सवलत देत नाहीत. तशी ती देऊही नये. ड्रोनचा उल्लेख नुसताच 'छायाचित्रण' या शब्दाखाली दडवू नये. त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

पावसाळी बंदीची मुदत

जून ते सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त गैरसमज बंदीच्या तारखांबद्दल होतात. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा घटनांमुळे धबधबे, धरणे आणि काही किल्ल्यांवर प्रशासन मनाई आदेश काढते. 1 जुलै 2024 पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ लागू राहत नाही, मात्र राज्य शासन तो पुढे वाढवू शकते. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा नोंदवता येतो. त्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा अडीच हजारांपर्यंत दंड आणि जीविताला धोका निर्माण झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

हा आदेश त्या जिल्ह्यापुरता किंवा तालुक्यापुरता असतो. खिरेश्वरच्या बाजूला बंदी असताना पाचनईची वाट खुली असू शकते आणि याच्या उलटही होऊ शकते. म्हणून बातमीचा मथळा वाचून न थांबता मूळ आदेशातील ठिकाणांची यादी वाचावी. शिवाय जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची मुदत संपली म्हणून अभयारण्य खुले होत नाही. वनविभागाचा पावसाळी बंदचा निर्णय वेगळा असतो आणि वासोट्यासारख्या ठिकाणी तो पावसानंतर वाट तपासूनच उठवला जातो. ऑगस्टअखेर आदेश संपतो, असे गृहीत धरून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी केलेले अर्ज दरवर्षी याच कारणाने परत जातात. तारीख मागण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात 'प्रवेश कधी खुला होणार' एवढेच विचारून घ्यावे.

नामंजुरी आल्यास

नकार तोंडी स्वीकारू नये. कारण लेखी मागावे, कारण बऱ्याचदा त्रुटी एवढीच असते, की उतरण्याचे गाव लिहिलेले नाही किंवा जबाबदार व्यक्तीचा क्रमांक लागत नाही. ती दुरुस्त करून त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देत पुन्हा अर्ज करता येतो. तारीख बदलायची असल्यास मात्र जुने पत्र चालत नाही, सुधारित पत्र घ्यावे लागते.

जाण्याच्या दिवशी मूळ पत्र, यादी आणि ओळखपत्रे सोबत ठेवावीत. भ्रमणध्वनीतल्या छायाचित्रावर भिस्त ठेवू नये, कारण वासोट्याला जाताना शिवसागर जलाशय बोटीने ओलांडून पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरल्यावर संपर्क जवळपास मिळतच नाही. कचरा जंगलात राहू नये म्हणून तिथल्या चौकीत पिशव्या उघडून पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, अगदी गोळ्यांची पाकिटेही मोजून नोंदवहीत लिहिली जातात आणि उतरताना तीच संख्या पुन्हा मोजली जाते. ही मोजणी वेळखाऊ असल्यामुळे बोटीची वेळ ठरवताना तिच्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. कोणत्याही अभयारण्यात परतताना नाक्यावर बाहेर पडल्याची नोंद केल्याशिवाय घरी निघू नये. ती नोंद नसेल, तर रात्री वनरक्षकांना आणि गावातील तरुणांना बॅटऱ्या घेऊन तुमच्या शोधासाठी डोंगर चढावा लागतो आणि पुढच्या वेळी त्याच नावाने आलेल्या अर्जावर ती बाब नोंदलेली असते.