एजंट गेला म्हणून पॉलिसी जात नसते

"एजंटचं लायसन रद्द झालं, म्हणजे आपली पॉलिसीबी बुडाली!" मोंढ्यात, पारावर हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. धास्तीनं काही जण पुढचे हप्तेच भरत नाहीत, आणि मग पॉलिसी खरोखरच बंद पडते.

करार असतो तुमचा आणि कंपनीचा. एजंट मधला माणूस. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर तर त्याला नेमते आणि काढतेही विमा कंपनीच. गैरवर्तनामुळे नेमणूक रद्द झाली तरी पॉलिसी चालूच राहते, फक्त हप्ता मुदतीत गेला पाहिजे.

खरा धोका वेगळाच आहे. गावचाच पोरगा म्हणून त्याच्या हातात बिनपावतीची रोकड ठेवणं. एका प्रकरणात एजंटानं घेतलेला हप्ता विमेदाराच्या मृत्यूनंतर आयुर्विमा महामंडळात भरला गेला. हप्ता स्वीकारण्याचा अधिकार त्या एजंटाला नव्हताच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये म्हटलं, आणि कुटुंबाचा दावा टिकला नाही.

तेव्हा पावती कंपनीचीच घ्या, एजंटाच्या डायरीतली टिकमार्क नको. कंपनीनं तक्रार ऐकली नाही तर परभणी-लातूरकरांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथं फी लागत नाही.