अडीच तोळ्यांचा बाण

बाणाचं वजन जगभर ग्रेनमध्ये मोजतात. एकक परकं वाटलं तरी नाशिकच्या सराफ बाजाराला ते अगदीच अनोळखी नाही. इंग्रजी अमदानीत तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. (हल्ली सरसकट दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, ती नंतरची सोय.) त्या जुन्या हिशेबाने ३० इंची पोकळ कार्बन बाण दोन तोळ्यांच्या आसपास भरतो. ४५ पाउंडाच्या, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या साध्या, कप्प्या नसलेल्या धनुष्याला शोभतो तो मात्र अडीच तोळ्यांचा. मधला अर्धा तोळा, म्हणजे ९० ग्रेन, कुठून आणायचा यावर बरंच बोललं जातं. बाणात तो नेमका कुठे बसवायचा हा प्रश्न मागे पडतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी वजन हवंच कशाला ते पाहू. दोरी सोडली की धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. धनुष्याचे बाहू आणि दोरी यांनाही त्याच क्षणी पळावं लागतं. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने यासाठी सुटसुटीत हिशेब मांडला: जणू बाणाला एक जास्तीचं, न दिसणारं वजन चिकटलेलं आहे आणि धनुष्य दोघांना मिळून ढकलतंय. उदाहरणापुरतं ते ८ ग्रॅम धरू आणि धनुष्याची ऊर्जा ५० ज्यूल. दोन तोळ्यांचा बाण सेकंदाला ५६ मीटरच्या थोड्या वर वेगाने सुटेल आणि ३७ ज्यूल घेऊन जाईल. अडीच तोळ्यांचा ५२ मीटरच्या जरा खाली राहील, पण ३९ ज्यूल नेईल. म्हणजे वेग घटला तरी ऊर्जेतला वाटा वाढला. धनुष्यात मागे उरलेली ऊर्जा जवळपास १३ ज्यूलवरून ११ वर आली. हीच उरलेली ऊर्जा हाताला झिणझिण्या आणते, खडखडाट करते आणि बाहूंचे सांधे खिळखिळे करते. पारंपरिक धनुष्यासाठी ओढीच्या दर पाउंडामागे बाणाचे ८ ते १० ग्रेन हा धोपटमार्ग आहे, तो याच कारणाने. पाचाच्या खाली गेलात तर बाण न लावता दोरी सोडल्यासारखंच होतं, आणि त्यात धनुष्य फुटू शकतं.

याची किंमत निशाण्यावर मोजावी लागते. १८ मीटरवर जड बाण हलक्यापेक्षा साधारण ९ सेंटिमीटर खाली लागेल. ५० मीटरवर, हवेचा अडथळा सोडून दिला तरी, फरक पाऊण मीटरच्या घरात जातो. इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारात हेच ५० मीटर असतात, पण तिथे बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण लागतात, म्हणून कार्बनचा प्रश्न येत नाही. जड बाणांचे बरेचसे सल्ले अमेरिकेतल्या शिकाऱ्यांकडून आलेले आहेत. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे ‘बाण किती खोल घुसेल’ हा भाग सरळ गाळून वाचावा.

आता जागेकडे वळू. समजा दोन तोळ्यांचा बाण मागच्या खाचेपासून १८ इंचांवर तोलला जातो. मध्य १५ वर, म्हणजे तोल मध्यापासून लांबीच्या १० टक्के पुढे. ९० ग्रेन टोकाला घातले, तर तोल मध्याच्या १८ टक्के पुढे जातो. लांबीभर सारखे पसरले, तर ८ टक्के. मागे पिसांजवळ गेले, तर जेमतेम एक टक्का उरतो, आणि असा बाण हवेत शेपूट हलवत जातो.

मग पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा आतला तुकडा) किंवा जड पॉइंट (टोक) लावला की झालं? नाही, कारण मधे स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा येतो. २८ इंचांच्या अंतराने दोन टेकू देऊन मधोमध ८८० ग्रॅम टांगले आणि बाण अर्धा इंच लवला, तर त्याची स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. सुटताना बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालून, वाकत-सरळ होत जातो. मागून दोरी ढकलते, पुढचं वजन जागचं हलायला कुरकुरतं आणि मधली नळी जास्त वाकते. म्हणजे टोक जड केलं की तोच बाण मऊ वागू लागतो. पिसं नसलेला बाण मारून पाहा: उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा तो पिसांच्या बाणांच्या उजवीकडे लागत असेल, तर मऊ झालाय. मग बाण थोडा कापा किंवा मुळातच कडक शाफ्ट (बाणाची नळी) घ्या.

वजन लांबीत पसरलं की हा परिणाम बराच कमी होतो, म्हणून आत नळी घालण्याची युक्ती. तयार नळ्या मिळतात, पण दिंडोरी-निफाडच्या बागाईतदाराला त्यांची गरज नाही. ठिबकची ६ मिलिमीटर जाडीची, आतून ४ मिलिमीटरची मायक्रो ट्यूब नेहमीच्या मापाच्या शाफ्टच्या ६.२ मिलिमीटर पोकळीत सरकते. तिचा ४० सेंटिमीटरचा तुकडा सुमारे ५.८ ग्रॅम भरतो, म्हणजे आपला अर्धा तोळा! तो पुढच्या अर्ध्यात बसवला तर तोल १३ टक्क्यांजवळ येतो. मला हाच मधला मार्ग पटतो.

मात्र तुकडा सैल ठेवू नका. अर्ध्या मीटरच्या धावेत बाण शून्यावरून ५२ मीटरच्या वेगाला पोचतो, म्हणजे गुरुत्वाच्या जवळजवळ २७० पट त्वरण. तेवढ्या वेळात ही साडेपाच-सहा ग्रॅमची नळी दीड किलोच्या जोराने मागे रेटते आणि नॉकवर, म्हणजे मागच्या खाचेवर आदळते. तिला इन्सर्टला इपॉक्सीने पक्कं चिकटवा. मीठ-वाळू भरणं तर नकोच: ते आत सरकतं आणि त्र्यंबकच्या पावसात मीठ पाणी धरतं. हॉट ग्लू वापरायचा तर पॉइंटचा धातू तापवा, कार्बन नव्हे. उष्णतेने त्यातला रेझिन खराब होतो.

सगळे बाण सराफी काट्यावर तोलून ते एकमेकांपासून पाच ग्रेनच्या आत आणा. आणि प्रत्येक फेरीआधी बाण दोन्ही हातांनी हलका वाकवा आणि नीट ऐका. बारीक करकर ऐकू आली, तर तो बाण तिथेच मोडून टाका.