विचार निसटतो तो खिडकी बदलताना

परवा एक लांबलचक पीडीएफ वाचत होतो. एका तक्त्यातला आकडा आणि आधीच्या प्रकरणातलं विधान यांचा मेळ बसेना. टिपून ठेवावं म्हणून नोंदींचं ॲप उघडलं. त्यानं आधी 'नव्या आवृत्तीत काय काय आलंय' याची खिडकी पुढे केली. ती बंद केली तर डावीकडे जुन्या अर्धवट नोंदींची रांग, त्यात एकीचं शीर्षक 'हे आधी बघणे'. ते बघितलं. मग नवीन नोंद उघडली, कर्सर लुकलुकायला लागला आणि मी त्याच्याकडे नुसता बघत बसलो. लिहायचं काय होतं, तेच आठवेना.

वयावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण १९५९ साली लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी हाच अनुभव तरुण विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत दिला होता. लक्षात ठेवायची फक्त तीन व्यंजनं. मात्र मनात घोकता येऊ नये म्हणून लगेच एका मोठ्या संख्येतून तीन-तीन वजा करत उलटं मोजत जायचं. १८ सेकंदांनी विचारलं, तर दहा वेळांत जेमतेम एकदा ती अक्षरं बरोबर सांगता येत होती. ॲप उघडणं, खिडकी बंद करणं, फोल्डर निवडणं ही आपली उलटी मोजणीच.

(माणसाची एकाग्रता आता सोनमाशापेक्षाही कमी, आठ सेकंदांवर आली, असं एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्याच्यामागे धड प्रयोग नाही. एकाग्रता ही सगळ्या कामांना लागू पडेल अशी सेकंदांत मोजायची गोष्टच नव्हे. 'दुसरा मेंदू' म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपांबद्दलही माझं मत फारसं वेगळं नाही. पहिल्यातली गोष्ट दुसऱ्यात पोचेपर्यंतच सांडत असेल, तर दुसरा कितीही मोठा असून उपयोग काय?)

म्हणजे नोंद करताना वाचायची खिडकी शक्य तितकी कमी सोडायची. शॉर्टकट दाबला की वाचनावरच एक छोटी खिडकी उघडणारी नोंदींची साधनं असतात, ती यासाठीच. हे कसं साधतं ते समजायला संगणकातली एक गंमत बघावी लागेल, आणि ती मला फार आवडते.

पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असल्या, तरी कीबोर्डचा मालक एका वेळी एकच. त्याला फोकस म्हणतात. पण आपण की दाबल्यावर तो संकेत थेट त्या खिडकीत जात नाही, आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती पडतो. विंडोजकडे एक यादी असते. 'अमुक तीन की एकत्र दाबल्या गेल्या तर मला हाक मारा' असं ज्या प्रोग्रॅमांनी आधीच सांगून ठेवलंय त्यांची. जोडी जुळली, तर समोरच्या खिडकीला त्याचा पत्ताही लागत नाही. हाक जाते ती मागे शांत बसलेल्या प्रोग्रॅमला. एक जोडी एकालाच मिळते, दुसऱ्यानं मागितली तर नकार येतो. कधीकधी एखादं शॉर्टकट काहीच न सांगता काम करेनासं होतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता पुढची पायरी. मागे असलेल्या प्रोग्रॅमला मनात येईल तेव्हा पुढे उडी मारता येत नाही. तसं करू दिलं तर आपण पासवर्ड टाइप करत असताना मध्येच भलतीच खिडकी येऊन तो झेलेल. म्हणून विंडोज अशा घुसखोराला अडवतं आणि खाली टास्कबारवर त्याचं बटण नुसतं चमकवत ठेवतं. पण नोंदवलेली जोडी माणसानं स्वतः दाबली असेल, तर त्या प्रोग्रॅमला पुढे यायची परवानगी मिळते. हाक तुम्हीच मारली आहे, हे सिस्टिमला ठाऊक असतं. लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या वेलँड या व्यवस्थेनं आणखी ताणून धरलंय. तिथे कुठल्याही प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीतल्या की परस्पर ऐकताच येत नाहीत. ऐकू दिल्या, तर नोंदी घेणारा आणि पासवर्ड चोरणारा यांच्यात फरक करायचा कसा?

छोटी खिडकी तर पुढे आली. पण मागे निवडून ठेवलेला मजकूर तिच्यात आणायचा कसा? एक धसमुसळा मार्ग असा, की प्रोग्रॅमनंच तुमच्या वतीनं कंट्रोल-सी दाबल्याचं सोंग करायचं. त्यात क्लिपबोर्डवर आधी ठेवलेलं पुसलं जातं. दुसरा मार्ग देखणा आहे. पडद्यावरच्या प्रत्येक बटणाची, चौकटीची, परिच्छेदाची एक रचना प्रोग्रॅम पडद्याआड उघड करत असतात: हे काय आहे, त्याचं नाव काय, त्यातला कुठला मजकूर निवडलाय. ही सोय झाली ती न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी. त्याच दारातून नोंदींचं साधन निवडलेलं वाक्य उचलू शकतं, क्लिपबोर्डला हातही न लावता. अर्थात मूळ प्रोग्रॅमनं ते दार नीट बांधलेलं असेल तरच. स्कॅन केलेल्या पानाचं नुसतं चित्र असेल तर त्यात उचलण्यासारखं काही नसतंच.

दृष्टिहीन वाचकाला मात्र यात एक वेगळीच भीती असते. त्याच्यासाठी फोकस हेच वाचनाचं ठिकाण. नोंद जतन झाली, खिडकी मिटली आणि फोकस परत येताना दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीवर पडला, तर डोळस माणूस नजर टाकून आपली जागा शोधेल. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला चाळीस पानं पुन्हा उतरत जावं लागेल. म्हणून असं साधन तपासताना मी आधी एस्केप दाबून बघतो. त्याच ओळीवर आलो तर पुढचं बोलणं.

कोपऱ्यात उमटून पाच सेकंदांत विरघळणारं 'जतन झालं' हेही तसंच. पडदा आठपट मोठा करून वाचणाऱ्याला एका वेळी त्याचा चौसष्टावा भागच दिसतो, तो कोपरा त्याच्या नजरेच्या टप्प्यात बहुधा नसतोच. वेबसाठीच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ सालच्या २.१ आवृत्तीत यावर स्पष्ट अट आहे: असे स्थितिदर्शक संदेश फोकस न हलवता स्क्रीन रीडरला कळले पाहिजेत. डेस्कटॉपवरच्या साधनांनीही ती पाळायला हरकत नाही. तीन की एकत्र दाबणं ज्यांच्या बोटांना जमत नाही, त्यांच्यासाठी स्टिकी कीज आहेतच. शिफ्ट पाच वेळा दाबा, म्हणजे ती चालू करायची का ते विंडोज विचारतं, आणि मग एकेक की सावकाश दाबता येते.

नवीन काही न बसवता हे करून बघायचं असेल, तर नोटपॅड पुरतं. एक कोरी फाइल घ्या, पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला लागून इंग्रजी कॅपिटल अक्षरांत एल, ओ, जी (.LOG) लिहून जतन करा. आता ती दर वेळी उघडताना नोटपॅड शेवटी तारीख-वेळ आपोआप टाकतं. डेस्कटॉपवर या फाइलचा शॉर्टकट ठेवून त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की'च्या रकान्यात एक अक्षर द्या, कंट्रोल-ऑल्ट विंडोज स्वतः जोडतं. नोंद म्हणून एन हे अक्षर सहज सुचेल, पण ते टाळा. कंट्रोल-ऑल्ट-एन हे एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करायचं ठरलेलं शॉर्टकट आहे. मी टी घेतलाय. आकडा टिपतो, कंट्रोल-एस, ऑल्ट-एफ-४, आणि पीडीएफ होती तिथेच उघडी असते. त्या तक्त्याचा घोळही शेवटी सापडला, एक रकाना हजारांत होता आणि दुसरा लाखांत.