‘मी दोनच तुकडे घेतले’: हॉटेलातलं खाणं आणि लघवीची साक्ष

‘ताटाचा फोटो काढा, कॅलरी लगेच कळतील’ अशी एका ॲपची जाहिरात सध्या सारखी समोर येते. जाहिरातीतलं ताट मोठं गुणी असतं. भात एका बाजूला, भाजी दुसऱ्या बाजूला, वरून छान उजेड, आणि ते एकाच माणसाचं. शनिवारी रात्री चार मित्र हॉटेलात बसतात तेव्हा असं ताट कुठे असतं? टेबलाच्या मधोमध पनीर टिक्का, मंचुरियन, मसाला पापड. मागून एक व्हेज कोल्हापुरी, एक दाल तडका, रोट्यांची टोपली. गप्पा चालू असताना वेटर रिकाम्या प्लेटा उचलून नेतो. शेवटी कुणीतरी ‘एवढंसंच राहिलंय, संपव रे’ म्हणत वाडग्यातलं खरवडून तुमच्या ताटात टाकतो. आता घरी जाऊन ॲपमध्ये लिहा: ग्रेव्ही, १ वाटी. ही वाटी कुणी पाहिली?

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेनूकार्डावर कॅलरी छापाव्यात, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण आकडा असतो एका सर्व्हिंगचा, आणि डिश चौघांत फिरली की तुमच्या वाट्याला नेमकं किती आलं हे त्या कार्डाला ठाऊक नसतं. ॲपचं दुखणं आणखी खोल आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे उत्तम तक्ते प्रसिद्ध केले, त्यात ५२८ खाद्यवस्तू आहेत. पण त्या मुख्यतः कच्च्या: तूरडाळ, पडवळ, बांगडा. अमुक हॉटेलचा आचारी तडक्याला किती तेल सोडतो, हे कुठल्याच तक्त्यात सापडायचं नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि ग्रेव्हीत मिसळून गेलेलं तेल फोटोत दिसत नाही. तरी ॲप ‘६४७ कॅलरी’ असं शेवटच्या आकड्यापर्यंत सांगतं. या अचूकपणाची मला गंमत वाटते.

मित्रांसोबत आपण जास्त खातो, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन द कास्त्रो यांनी १९८०च्या दशकापासून लोकांकडून खाण्याच्या नोंदवह्या लिहून घेतल्या: काय खाल्लं, किती खाल्लं, सोबत कोण होतं. १९९२ साली त्यांनी दिलेल्या आकडेवारीत एकट्याच्या जेवणापेक्षा एका माणसासोबतचं जेवण ३३ टक्क्यांनी मोठं होतं, चौघांसोबतचं ६९ टक्क्यांनी, आणि सात किंवा जास्त जणांसोबतचं ९६ टक्क्यांनी. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. मित्र किंवा घरचे सोबत असले की खाणं वाढतं. अनोळखी माणसांसोबत तसा परिणाम ठळक दिसत नाही. एक कारण अगदी साधं आहे. गप्पांमुळे जेवण लांबतं, आणि जेवण लांबलं की समोरच्या डिशकडे हात आणखी दहा वेळा जातो.

पण चाणाक्ष वाचकाने इथे अडवायला हवं. नोंदवह्या? म्हणजे ज्या वाटीवर आत्ताच शंका घेतली, तिच्याच भरवशावर हे आकडे? प्रश्न रास्त आहे. माणूस खाल्लेलं खरं लिहितो का, हे त्याला न विचारता तपासायचं कसं? त्याच्या मागे चोवीस तास माणूस ठेवला तर तो वेगळंच खाईल. खोलीत कोंडून मोजलं तर मित्र कुठले आणि हॉटेल कुठलं! या पेचातून सुटण्याची जी युक्ती निघाली ती मला जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफसन आणि त्यांचे सहकारी एका वरवर बिनकामाच्या प्रश्नामागे होते: उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो कुठून? त्यांना दिसलं की हा ऑक्सिजन शरीरातल्या पाण्याच्या ऑक्सिजनशी पूर्ण मिसळून गेलेला असतो. कारण आपल्या रक्तात आहे. तांबड्या पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचं कार्बोनिक आम्ल करणं आणि ते पुन्हा मोडणं, हा उद्योग ते प्रचंड वेगाने करत असतं. कार्बोनिक आम्लाच्या रेणूत ऑक्सिजनचे अणू तीन. तो मोडताना कुठला एक पाण्यात जाईल आणि कुठले दोन वायूसोबत निघतील, याला काही धरबंध नाही. सतत अदलाबदल होते. म्हणून शरीरातल्या पाण्यावर जी खूण कराल ती उच्छ्वासातल्या वायूवरही उमटते.

खूण करायची समस्थानिकांनी (आयसोटोप), म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या भाराच्या अणूंनी. नेहमीच्या ऑक्सिजनचा अणुभार १६, पण निसर्गात दर पाचशे अणूंमागे साधारण एक अणू १८ भाराचा असतो. हायड्रोजनचा जड भाऊ ड्युटेरियम तर दर सहा-साडेसहा हजारांत एक. दोन्ही स्थिर आहेत, किरणोत्सारी अजिबात नाहीत. तुमच्या तांब्यातल्या पाण्यातही ते आत्ता आहेत. (जड पाणी, म्हणजे ड्युटेरियमचं पाणी, म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते. आपल्या रायगडात थळला जड पाण्याचा कारखाना आहे तो त्यासाठीच, पण थोड्या मात्रेत हे पाणी निरुपद्रवी असतं. याच अज्ञानावर ‘ड्युटेरियम काढलेलं पाणी’ औषध म्हणून महागड्या बाटल्यांत विकणारे महाभाग आहेत. त्यांच्या दाव्यांना पुरेसा आधार नाही. पैसे वाचवा.)

आता प्रयोग. माणसाला दोन्ही खुणा असलेलं थोडं पाणी प्यायला द्यायचं. काही तासांत ते अंगभर मिसळतं. मग त्याला सोडून द्यायचं: नोकरी कर, मित्रांसोबत हॉटेलात जा, हवं ते खा. फक्त दोन आठवडे अधूनमधून लघवीचा नमुना आणून दे. शरीर म्हणजे दोन टाक्या समजा. ड्युटेरियमच्या टाकीला एकच तोटी आहे आणि जड ऑक्सिजनच्या टाकीला दोन. ड्युटेरियम फक्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतं: लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन पाण्यातून तर जातोच, शिवाय कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. म्हणून तो लवकर आटतो. दोन्हींच्या आटण्याच्या वेगातला फरक म्हणजे कार्बन डायऑक्साइडची तोटी. आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे शरीरात जळलेलं इंधन.

एक उदाहरण करून पाहू. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मला मोह आवरत नाही. समजा एका व्यक्तीच्या अंगात ३३ लिटर पाणी आहे, म्हणजे सुमारे १,८३३ मोल (मोल हे रेणू मोजण्याचं एकक). जड ऑक्सिजन रोज ०.११५ या दराने घटतो, ड्युटेरियम ०.०९५ या दराने. दहाव्या दिवशी पहिल्याचा ३२ टक्के अंश उरलेला असतो, दुसऱ्याचा ३९ टक्के. दरांतला फरक ०.०२. याला १,८३३ ने गुणा आणि दोनाने भागा, कारण कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू ऑक्सिजनचे दोन अणू घेऊन जातो. उत्तर येतं १८.३ मोल, म्हणजे दिवसाला सुमारे ४१० लिटर वायू. मिश्र आहारावर दर लिटरमागे साधारण ५.७ कॅलरी खर्च होतात (आहारातली कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी). गुणाकार करा: रोजचे अंदाजे २,३४० कॅलरी. प्रत्यक्षात थोडे संस्कार करावे लागतात. जड पाणी हलक्या पाण्यापेक्षा किंचित सावकाश वाफ होतं, त्यामुळे श्वासातून आणि त्वचेवरून वाफ होऊन जाणाऱ्या खुणांचं प्रमाण थोडं बदलतं, ते दुरुस्त करावं लागतं. पण गाभा एवढाच.

लिफसन आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली ही पद्धत उंदरांवर दाखवली. माणसावर यायला १९८२ उजाडलं, कारण जड ऑक्सिजन भयंकर महाग होता. माणसाला पुरेल एवढी मात्रा परवडणारी नव्हती. अणुरेणूंना भारानुसार वेगळं करून मोजणारी वस्तुमान-वर्णपटमापक यंत्रं इतकी संवेदनशील झाली की अल्प मात्रा पुरेशी ठरू लागली, तेव्हा डेल शोलर यांनी ती माणसांवर वापरली. आणि मग नोंदवह्यांची खरी परीक्षा सुरू झाली. वजन स्थिर असेल तर जितकं जाळलं तितकंच खाल्लेलं असणार. वजन हललं असेल तर त्याची दुरुस्ती करता येते. थोडक्यात, लघवीच्या बाटलीवरून खाल्लेल्या अन्नाचा हिशोब निघतो आणि तो वहीशी ताडून पाहता येतो.

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी असे दहा जण तपासले ज्यांचं म्हणणं होतं, ‘आम्ही दिवसाला बाराशे कॅलरींच्या आत खातो, तरी वजन उतरत नाही.’ त्यांची चयापचय क्रिया मंद असेल, असा त्यांचा समज होता. ती अगदी ठीक निघाली. त्यांनी खाल्लेलं अन्न सरासरी ४७ टक्के कमी लिहिलं होतं आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त. अभ्यास लहान होता, पण पुढे याच खुणेच्या पाण्याने जगभर अनेक गटांत तपासण्या झाल्या आणि कल तोच दिसला. कमी लिहिण्याचं प्रमाण माणसागणिक बदलतं, दिशा सहसा तीच. बारीक माणसंही यातून सुटत नाहीत.

तेव्हा द कास्त्रोंच्या टक्क्यांकडे अंदाज म्हणूनच पाहिलेलं बरं. मित्रांसोबतचं जेवण मोठं असतं हे खरं, पण त्यातलं किती वहीत पोचलंच नाही, कोण सांगणार?

हे सगळे लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. माझं बोट आठवणीकडे जातं. १९९८ साली पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी गंभीर स्मृतिभ्रंश असलेल्या दोन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवं काही त्यांच्या लक्षात राहत नसे. जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट समोर ठेवलं, तर ते पुन्हा जेवत. पोट भरलेलं होतं, पण जेवल्याचं आठवत नव्हतं. ब्रिस्टल विद्यापीठात जेफ ब्रनस्ट्रम यांनी २०१२ साली याहून मजेदार प्रयोग केला. सूपच्या वाडग्याला टेबलाखालून पंप जोडला, आणि खाणाऱ्याच्या नकळत सूप आत किंवा बाहेर जाऊ लागलं. डोळ्यांना ३०० मिलिलिटर दिसलेल्या काहींच्या पोटात प्रत्यक्षात ५०० गेलं, काहींच्या बाबतीत उलट. जेवण संपताक्षणी भुकेचं माप पोटात गेलेल्या सूपाशी जुळत होतं. दोन-तीन तासांनी मात्र ते जुळू लागलं डोळ्यांनी पाहिलेल्या सूपाशी!

(अशाच पंपाच्या वाडग्याचा २००५ मधला प्रयोग याहून जास्त गाजला होता. त्यामागचे ब्रायन वॉन्सिंक पुढे कॉर्नेल विद्यापीठात होते. २०१८ साली विद्यापीठाला त्यांच्या संशोधनात गैरप्रकार आढळले आणि ‘जामा’ या वैद्यकीय समूहाच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा निबंध एकदम मागे घेतले. ‘लहान ताटात जेवा, आपोआप बारीक व्हा’ या सल्ल्याला हवा देण्यात त्यांचा मोठा हात होता. व्हॉट्सॲपवर तो सल्ला अजून फिरतोच आहे.)

आता टेबलाकडे पाहा. सगळ्यांच्या मधोमध ठेवलेल्या डिशमधून तुम्ही जे उचलता त्याचं चित्र डोळ्यांत कधी तयारच होत नाही. घरच्या ताटात तीन पोळ्या आणि वाटीभर आमटी एकत्र दिसते. इथे एक तुकडा, मग पाच मिनिटं क्रिकेट, मग अर्धी रोटी, मग ऑफिसातल्या साहेबाची नक्कल, मग पुन्हा तुकडा. लक्ष गप्पांत, आणि पुरावा वेटरने उचललेला. हाडं, काड्या, रिकाम्या प्लेटा समोर राहिल्या असत्या तर निदान काही सुगावा लागला असता.

म्हणून मोजायचंच असेल तर मोजता येईल तेच मोजावं: रोट्या, टिक्क्याचे तुकडे, प्यालेले ग्लास. ग्रेव्ही आणि भात एकदाच आपल्या ताटात वाढून घ्यावा, म्हणजे तो एकत्र डोळ्यांसमोर येतो. वाडग्यातून घास-घास उचलला तर त्याचा पत्ता लागत नाही. उतरवायचं तर तिथेच, फोनवर दोन शब्दांत. सकाळपर्यंत आठवणीने त्यातलं बरंच गाळलेलं असतं. तेलाचा अंदाज मात्र लावत बसू नये, तो चुकणारच. ब्राझील, चीन, फिनलंड, घाना आणि भारत या पाच देशांतल्या हॉटेलांचे पदार्थ संशोधकांनी प्रयोगशाळेत चक्क जाळून त्यांतली ऊर्जा मोजली. २०१८ साली ते आकडे आले. भारतातले नमुने बंगळुरूचे होते. टेबलावर बसून जेवण्याच्या हॉटेलांतली ९४ टक्के जेवणं ६०० कॅलरींच्या वर निघाली, फास्ट फूडची ७२ टक्के. एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभं राहून घाबरू नये. रात्रीच्या मिठामुळे अंगात पाणी धरून राहतं. शिवाय शरीर साखर ज्या रूपात साठवतं त्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. काट्यावर एक किलो वाढलेलं दिसलं तर त्यातली चरबी फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम, तीही तुम्ही गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाल्ल्या असतील तर. लघवीवरून हिशोब काढणारी पद्धतही एका रात्रीचा आकडा देत नाही, दोन आठवड्यांची सरासरी देते. शनिवारच्या त्या हजार कॅलरी चौदा दिवसांत वाटल्या की रोजच्या वाट्याला येतात सुमारे ७१, म्हणजे जेमतेम पावणेदोन चमचे तेल. चमचा चहाचा.