वॉक-ऑन (अमेरिकन फुटबॉल)

वॉक-ऑन : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल संघात क्रीडा-शिष्यवृत्तीविना दाखल होणारा खेळाडू. फुटबॉल म्हणजे येथे हातात धरून धावण्याचा, लांबट चेंडूचा अमेरिकन खेळ. शाळेत असताना प्रशिक्षकांच्या नजरेतून सुटलेल्या मुलांची संघात शिरण्याची ही जुनी वाट.

प्रथेचा आरंभ नेमका कधीचा मानावा, हे शिष्यवृत्तीचा आरंभ कोठे धरला जातो त्यावर ठरते. शिष्यवृत्तीच नव्हती तेव्हा सगळेच खेळाडू आपणहून येत. वेगळ्या शब्दाची गरज नव्हती. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतील विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने १९३५ मध्ये खेळासाठी उघड आर्थिक मदत मान्य केली. एनसीएए या नियामक संस्थेने मात्र १९४८ च्या ‘सॅनिटी कोड’ने मदत गरजेशी व अभ्यासातील गुणवत्तेशी बांधली. नियम मोडणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव १९५० मध्ये दोन-तृतीयांश मतांअभावी फेटाळला गेला आणि पुढच्याच वर्षी ती तरतूद रद्द झाली. आर्थिक गरज न पाहता शिष्यवृत्ती देण्याची मुभा १९५६ ची. शिष्यवृत्तीधारक आणि वॉक-ऑन हा भेद देशभर त्यानंतरच अर्थपूर्ण होतो, म्हणून हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक.

पुढे शिष्यवृत्तीच्या जागा मोजून मिळू लागल्या. एनसीएएच्या तीन श्रेणींपैकी प्रथम श्रेणीत, सर्वांत वरच्या पातळीवर : १९७३ मध्ये संघामागे १०५ शिष्यवृत्त्या, १९७८ मध्ये ९५ आणि १९९० च्या दशकात ८५. द्वितीय श्रेणीत ३६ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम अनेकांत वाटली जाते. तृतीय श्रेणीत क्रीडा-शिष्यवृत्ती नाहीच. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सहभागी संस्थांवरील शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, पण संघाचीच मर्यादा १०५ झाली. १२० च्या आसपास खेळाडू बाळगणाऱ्या संघांत त्याची झळ वॉक-ऑननाच बसली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे (संस्था बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) प्रशिक्षक अठरा वर्षांच्या पोराऐवजी दुसरीकडे तयार झालेला गडी घेतात, हा आणखी एक अडसर.

नजरेत भरण्याचे मुख्य साधन चित्रफीत. लांबी तीन ते चार मिनिटे. सर्वोत्तम पाच-सहा डाव सुरुवातीलाच, कारण पुढचे बहुधा पाहिले जात नाहीत. डावाच्या आरंभी चेंडू सुटण्यापूर्वी खेळाडूभोवती वर्तुळ किंवा बाण हवा. नाहीतर बावीस जणांत तो शोधायचा कोणी? संगीत आणि संथ गती टाळावी : संथ गतीत वेगच कळत नाही. दुबळ्या संघाविरुद्धच्या लांब धावांपेक्षा लाइनमनने (पुढच्या फळीतील खेळाडूने) शिट्टी होईपर्यंत टिकवलेला अडथळा जास्त सांगून जातो. पसंत पडल्यास पूर्ण सामना मागतात. दोन तयार असावेत.

ई-मेल मुख्य प्रशिक्षकापेक्षा आपल्या खेळण्याच्या जागेच्या किंवा आपल्या भागाच्या भरती-प्रशिक्षकाला पाठवावा. विषयाच्या ओळीतच नाव, शाळा संपण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, उंची, वजन आणि गुणांची सरासरी. मजकूर चार ओळींचा. अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रथम श्रेणीच्या प्रशिक्षकांना व्यक्तिगत भरतीपत्र पाठवता येत नाही. तेव्हा त्याआधीचे मौन म्हणजे नकार नव्हे.

जूनमधील एकदिवसीय शिबिरांत थापा उघड्या पडतात. बुटांसकट मोजलेली सहा फूट दोन इंच उंची तेथे सहा फुटांवर येते. ४० यार्डांच्या (३६.५८ मी.) धावेत हातातले घड्याळ हालचाल दिसल्यावर दाबले जाते, म्हणून वेळ साधारण ०.२ सेकंदाने कमी भरते, हाताने ४.५ म्हणजे यंत्रावर ४.७ च्या आसपास.

प्रथम श्रेणीत खेळण्याच्या पात्रतेसाठी १६ मूलभूत विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. यांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्याआधी संपवावे लागतात. हा हिशेब बारावीत लक्षात आला तर उशीर झालेला असतो.

‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ला संघात जागेचे आश्वासन मिळते, पैसा नाही, आश्वासन बहुधा तोंडी असते आणि ते देणारा प्रशिक्षक नोकरी बदलला की हवेत विरते. बाकीच्यांना प्रवेश घेऊन, वैद्यकीय तपासणी करून खुल्या चाचणीत उतरावे लागते.

बेकर मेफील्ड (महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार, २०१७) आणि जे. जे. वॉट हे नामवंत खेळाडू याच वाटेने पुढे आले. क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे नावही यांत घेतले जाते, पण तो वॉक-ऑन नव्हता. शाळेनंतर प्रथम श्रेणीतून कोणी बोलावले नाही, तेव्हा तो कॅलिफोर्नियातील रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळला, देशभरच्या प्रशिक्षकांना सरसकट ई-मेल पाठवले आणि वायोमिंग विद्यापीठात गेला. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०१८ च्या खेळाडू-निवडीत तो सातवा होता. वॉक-ऑन म्हणून सुरुवात केलेल्यांसाठी २०१० पासून बर्ल्सवर्थ करंडक दिला जातो.