क्रिस मार्कर: हा माणूस आला कुठून?

ब्रूस विलिसचा 'ट्वेल्व्ह मंकीज' बघितलाय ना? १९९५ चा तो पिक्चर ज्या फ्रेंच फिल्मवरून सुचलाय ती जेमतेम २८ मिनिटांची आहे, 'ला जते', १९६२ ची, आणि जवळजवळ अख्खी नुसत्या फोटोंची. चित्र हलतं ते एकदाच, झोपलेली बाई डोळे उघडते तेव्हा, बास. पण ते काही सेकंद दचकायला होतं, कारण तोवर आपली हलत्या चित्राची सवयच मोडलेली असते.

ही फिल्म क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाची. जन्म १९२१, आणि हे नावही त्याने स्वतःच घेतलेलं. मूळचा लिहिणारा माणूस, पॅरिसच्या एका प्रकाशनात प्रवासाच्या पुस्तकांची मालिका बघायचा, त्यामुळे कॅमेरा हातात आला तरी जीव निवेदनातच. १९५३ मध्ये अलँ रेने या दुसऱ्या फ्रेंच दिग्दर्शकाबरोबर आफ्रिकन मूर्तींवर फिल्म केली, ती मूर्तींवरून थेट वसाहतवादावर गेली आणि फ्रेंच सेन्सॉरने ती दहाएक वर्षं अडवून धरली.

माझी सगळ्यात लाडकी मात्र १९५७ ची सायबेरियावरची. याकुत्स्कमधला साधा रस्ता, बस, गाडी, रस्त्याचं काम करणारे मजूर. हेच शॉट्स तो लागोपाठ तीनदा दाखवतो, एकदा सोव्हिएत कौतुकाचं निवेदन, एकदा शिव्याशाप, एकदा मधलं काहीतरी, आणि गंमत म्हणजे दरवेळी आपल्याला पटतं! (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ आणि त्याखालच्या ओळी आठवतात की नाही?)

'ला जते' तर सुट्टीतलं काम. १९६२ च्या मे मध्ये तो पॅरिसच्या लोकांच्या मुलाखती शूट करत होता, युनिटला सुट्टी असली की हा फोटो काढत सुटायचा, गोष्ट त्याची त्यालाच पुरती कळली नव्हती म्हणे.

पुढे राजकारण. १९६७ ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गोदार, रेने वगैरे दिग्दर्शकांसोबत एकत्र फिल्म, मग फ्रान्समधल्या बझांसों शहरातल्या कापड कारखान्यातल्या संपावर एक. ती त्या कामगारांनाच पटली नाही, त्यांनी तोंडावर सांगितलं, तर याने वाद घालण्याऐवजी त्यांनाच शूटिंग, एडिटिंग शिकवायची सोय केली आणि कामगार स्वतःच्या फिल्म्स करायला लागले. मला तरी त्याच्या करिअरमधला हा प्रसंग कुठल्याही अवॉर्डपेक्षा मोठा वाटतो.

१९८३ च्या 'सां सोलेय'मध्ये जपान, गिनी-बिसाऊ असं सगळं फिरून येतो, पण 'मी' कुठेच म्हणत नाही, एक काल्पनिक कॅमेरामन पत्रं पाठवतो आणि ती वाचणारी बाई आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही.