लावाचं तेल (मिश्र सुगंधी तेल, ग्रामीण विदर्भ)

मिश्र सुगंधी तेल म्हणजे दोन-चार वनस्पतींची उडून जाणारी वासाची तेलं, ज्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात ती, तीळ किंवा खोबरेल अशा साध्या तेलात मोजून मिसळायची आणि अंगाला चोळायची, किंवा नुसता वास घ्यायचा. वापर दोनच, अंग दुखणं कमी व्हावं आणि जीव जरा शांत व्हावा. याला अरोमाथेरपी हे नाव रेने-मॉरिस गातफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं दिलं, १९३७ मध्ये. विदर्भातल्या गावांत मात्र हे "लावाचं तेल" नाहीतर "दुखीचं तेल", आणि ते कपाटातल्या जुन्या औषधाच्या बाटलीत असते, झाकणाला चिंधी लावलेली.

इथं ते एवढं का लागते हे समजायला रोवणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडं जावं. दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं लावणाऱ्या बाया संध्याकाळी सरळ उभ्या राहू शकत नाहीत. यवतमाळ, अकोला, अमरावतीकडं कापूस वेचणी आहे, कंबरेला ओटी बांधून वाकत वाकत अख्खी ओळ काढायची. मग निंदण आहे, डवरणी आहे, पाठीवर पंप घेऊन फवारणी आहे. त्यात चिकुनगुन्या. २००६ ला महाराष्ट्रात मोठी साथ आली होती, आणि त्या तापानंतर काही लोकांचे सांधे महिनोन्‌महिने धरतात. "गुडघे लय दुखून रायले बाप्पा, जरा तेल लाव न पोरी" हे वाक्य या भागात कोणत्याही घरात ऐकू येईल, आणि तेल लावणारी बहुतेक वेळा नात नाहीतर सून.

साधं तेल कोणतं घ्यायचं हे ज्याच्या त्याच्या शिवारावर आहे. तिळाचं चालते, मोहरीचं चालते, जवसाचंही लावतात. पूर्व विदर्भात मोहाच्या बियांचं तेल असते, गडचिरोलीकडं बरेच लोक याला टोरीचं तेल म्हणतात, थंडीत ते तुपासारखं थिजते म्हणून बाटली उन्हात ठेवावी लागते. मालिशला ते फार चांगलं, जाडसर आहे, लवकर जिरत नाही, हात घसरत राहतो. काही घरी करंजाचं तेल लावतात पण त्याच्या वासापुढं बाकी कोणताच वास टिकत नाही, मग सुगंधी तेल त्यात टाकणं म्हणजे पैसे वाया.

तिखाडी

वासाच्या तेलांत विदर्भाचं खरं स्वतःचं आहे ते तिखाडीचं, म्हणजे रोशा गवताचं. मेळघाटच्या डोंगरात, तसंच बैतूल, निमाड, खानदेशच्या रानात हे गवत आपोआप येते, पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात आणि कापलं की गुलाबासारखा वास. नाल्याच्या काठी भट्टी लावायची, कारण वाफ थंड करायला पाणी पाहिजे, हंड्यात गवत ठासून भरायचं, वाफेबरोबर तेल निघते आणि पाण्यावर तरंगते. इंग्रजांच्या काळात हे तेल मुंबईहून बोटीनं तुर्कस्तानकडं जायचं, तिथं त्याला तुर्की जिरेनियम म्हणून नाव पडलं, आणि तिथून ते महागड्या गुलाब अत्तरात भेसळ म्हणून जायचं. मेळघाटच्या गवताचा वास जगभर गुलाबाच्या नावानं विकला गेला, आणि गवत कापणाऱ्याला काय मिळालं असेल ते वेगळं सांगायला नको. यातला मुख्य घटक जेरॅनिऑल, चांगल्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास असतो. गवताचे प्रकार दोन, मोतिया आणि सोफिया, वास मोतियाचा चांगला, सोफियाचा जरा आल्यासारखा उग्र.

२०१७ पासून सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून गवती चहा आणि रोशाची शेती वाढवायचा प्रयत्न देशभर चालू आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) या उग्र वासाच्या गवताला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून जंगलालगतच्या शेतकऱ्याला ही कल्पना पटते, पण जवळपास डिस्टिलेशनची, म्हणजे वाफेनं तेल काढायची, टाकी नसेल तर सगळं फुकट, कारण ओलं गवत ट्रॅक्टरनं लांब नेण्यातच भाव खपतो. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याची साल आहेच, तिच्यातल्या तेलात बहुतांश लिमोनीन हा वासाचा घटक. नागपुरी संत्र्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं पण सालीचं तेल घरोघरी अजून पोचलेलं नाही, लोक साल वाळवून उटण्यात टाकतात.

तीन खडे आणि एक बाटली

गावात सगळ्यात जास्त चालणारं मिश्रण गवताचं नाही आणि सालीचंही नाही, ते आहे अमृतधारा. कापूर, पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल आणि ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, तिन्ही कोरडे खडे, सारख्या वजनानं एका बाटलीत टाकून हलवले की पाणी न घालता आपोआप पातळ होतात. पोरांना हे दाखवलं की जादू वाटते. कारण साधं आहे, तिन्ही एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो. मेन्थॉल एकटंसुद्धा ४२-४३ अंशाला वितळते, म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यात किराणा दुकानातली पुदिन्याची फुलं डबीतच पाणी झालेली सापडतात, दुकानदार उगाच शिव्या खातो. अमृतधारा हे नाव आधी लाहोरच्या एका औषधीचं होतं, त्या नावावरून लक्ष्मणधारा नावाच्या दुसऱ्या औषधाबरोबर भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६२ ला निकाल लागला की दोन्ही नावं ग्राहकाची गल्लत करण्याइतकी सारखी आहेत. आज विदर्भात कोणीही करो, म्हणतात अमृतधाराच.

दुखणं कमी कसं होते

मेन्थॉल दुखण्याच्या मुळापर्यंत जात नाही. कातडीत थंडी ओळखणारे जे रिसेप्टर असतात त्यांना ते चालू करते, म्हणून अंग थंड न होताही थंड वाटते आणि त्या गारव्यात दुखणं मागं पडते. तापमान आणि स्पर्शाच्या या रिसेप्टरांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ज्युलियसनं सुरुवात मिरचीच्या तिखटापासून केली होती, म्हणजे आपल्या भिवापुरी मिरचीत असते तेच कॅप्सेसिन. ते दुखण्याच्या मलमांत असते पण वाफेबरोबर उडत नाही म्हणून सुगंधी तेलात मोजत नाहीत.

दुसरी गोष्ट चोळण्याची. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात, म्हणून तर ठेच लागली की आपण बोट दाबून धरतो. त्यामुळं तेलानं बरं वाटलं की हातानं, हे वेगळं काढणं कठीण आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त काम हातच करतो. खरं औषधासारखं आत जाणारं म्हणजे गंधपुरा, विंटरग्रीनचं तेल. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट अ‍ॅस्पिरिनच्याच खानदानातलं. लवंगेच्या तेलातला युजेनॉल दाढेवर बधीरपणा आणतो, डेंटिस्ट लोकही वापरतात. हाड झिजलं असेल, मणका दबला असेल तर यातलं काहीच ते दुरुस्त करत नाही, दोन-चार तास सुसह्य करते बस.

मन शांत करण्याचं

वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाकडं बाकी इंद्रियांपेक्षा जवळच्या रस्त्यानं जातो, त्यामुळं वासानं मूड बदलतो हे खरं आहे. पुरावा मात्र पातळ आहे. जर्मनीत लव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर नीट चाचण्या झाल्या आणि चिंता कमी झालेली दिसली, पण ती पोटात घ्यायची ठरावीक दर्जाची कॅप्सूल होती, ऑनलाइन मागवलेली बाटली हुंगून तोच फायदा होईल असं त्यातून निघत नाही. शिवाय लव्हेंडर इथं पिकत नाही, येते ते जम्मूच्या डोडाकडून नाहीतर परदेशातून, म्हणून गावात त्याच्या जागी तिखाडी किंवा संत्र्याचं तेल वापरायला काहीच हरकत नाही, आणि ओळखीच्या वासानं झोप लवकर लागते असं बरेच जण सांगतात. रात्री तळपायाला, डोक्याला कोणी दहा मिनिटं तेल चोळून दिलं तर तेवढा वेळ माणूस बोलतो, हेही त्यात आलं. पण ज्या घरात कर्ज, नापिकी आणि "आता जगून काय कराव" अशी भाषा सुरू झाली असेल तिथं तेल लावत बसू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, आशाताईला सांगितलं तरी पुढं कळते.

माप

एक मिलीत साधारण २० थेंब बसतात. १०० मिली साध्या तेलात सगळी सुगंधी तेलं मिळून २ ते ३ मिली, त्यापुढं जायची गरज नसते. दुखण्यासाठी निलगिरी १ मिली, पुदिना १ मिली आणि लवंग १० थेंब, एवढं पुरते. लवंग आणि गवती चहा दोन्ही कातडी जाळणारे आहेत, "जास्त टाकलं म्हणजे जास्त गुण" हा हिशोब इथं चालत नाही. शांत करण्यासाठी त्याहून सौम्य, संत्रा अर्धा मिली आणि तिखाडी अर्धा मिली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावं. संत्र्याचं तेल जुनं झालं, हवा लागली की तेच कातडीला खाज आणते, म्हणून गडद काचेची छोटी बाटली, आणि उन्हाळ्यात माठाजवळ ठेवायची. प्लॅस्टिकच्या बाटलीत शुद्ध तेल ठेवलं तर काही बाटल्या मऊ पडतात.

धोके

विंटरग्रीनचं एक चमचा, म्हणजे ५ मिली, तेल पोटात गेलं तर त्यात अ‍ॅस्पिरिनच्या वीसएक गोळ्यांएवढं सॅलिसिलेट असते, लहान पोराचा जीव जाऊ शकतो. कापूर पोटात गेला तर लेकरांना झटके येतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला पुदिना किंवा कापूर लावायची सवय बऱ्याच घरी आहे, सर्दी झाली की लगेच, आणि ती मोडायलाच पाहिजे कारण बाळाचा श्वास अडू शकतो. रक्त पातळ करण्याची वॉरफरिन गोळी चालू असलेल्यानं विंटरग्रीन लावू नये. तेल लावून वरून गरम विटेचा शेक द्यायचा नाही, फोड येतात.

काही दुखणी तर तेलाची नाहीतच. फवारणी करून आल्यावर डोकं दुखते, मळमळते, डोळ्यासमोर अंधारी येते तेव्हा कपाळाला बाम लावून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ, २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली. कपडे काढून, साबणानं अंग धुऊन तडक दवाखाना. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याच्या झटक्यात हातपाय, पाठ असह्य दुखते, तिथंही चोळत बसण्यात वेळ जातो. छातीत दुखून डावा हात भरून आला तरी तडक दवाखाना.

बाजार

आठवडी बाजारात आणि एसटी स्टँडवर माइक लावून तेल विकणारे लकव्यापासून संधिवातापर्यंत सगळं बरं करतात. या दोन्ही रोगांवर इलाजाची जाहिरात करायला औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, पण स्टँडवर कोण विचारते. तेलाबरोबर "आयुर्वेदिक" पुड्या दिल्या आणि एका दिवसात गुडघा मोकळा झाला तर पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. तेलाची एक सोपी तपासणी घरी होते, बहुतेक शुद्ध सुगंधी तेलांचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून ठेवला की उडून जातो, तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलं असण्याची शंका घ्यावी. कारखान्यातलं कृत्रिम जेरॅनिऑल मिसळलं असेल तर मात्र कागदावर काही कळत नाही, त्याला लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून पाहण्याची तपासणी, करावी लागते.